नाशिकच्या बियरला नागलीची चव का नसावी?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की नाशिक आधीच वाईनचं गाव झालंय, आता छोट्या ब्रुअऱ्या पण आल्या तर तीर्थक्षेत्राचं काय उरणार. त्यांची काळजी मला कळते, मी पण पंचवटीत लहानाचा मोठा झालोय, रामकुंडावर आजोबांचं बोट धरून गेलोय. पण त्या पत्रात बियर, देशी, व्हिस्की सगळं एका ओळीत "दारू" म्हणून गुंडाळलं होतं आणि ते मला पटलं नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, छापताना कापायचं तर कापा, फक्त नागलीचा, म्हणजे नाचणीचा, भाग ठेवा.

आधी माझं सांगतो. मी सातपूर एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासतात तिथे, ३१ वर्षं काढली, आता रिटायर आहे, इंदिरानगरला राहतो. पिणारा म्हणाल तर मी महिन्यातून एकदा एखादा ग्लास घेणारा माणूस, आणि आमची सौ. तर थेंबही घेत नाही. मुलगी पुण्यात असते, जावई आयटीत. पाचेक वर्षांपूर्वी जावई म्हणाले, बाबा, तुम्हाला लॅबची आवड आहे ना, चला एक जागा दाखवतो, आणि मला एका छोट्या ब्रुअरीत घेऊन गेले. मला वाटलं होतं अंधार, मोठ्ठं म्युझिक, धूर असं काहीतरी असेल, तर काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या, प्रेशर गेज, थर्मामीटर, पाईपलाईन, आणि एक तिशीतला पोरगा हातात हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायची नळी) घेऊन वहीत रीडिंग लिहितोय. मी तिथेच उभा राहिलो. जावई दोनदा टेबलवर बोलवायला आले तरी हललो नाही.

पुण्यात हे सगळं सुरू झालं २००९ साली, डूलाली नावाच्या ब्रुअरीपासून. आता नाशिककरांनो हे नाव नीट ऐका, डूलाली हा शब्दच मुळी आपल्या देवळालीचा आहे. देवळालीला इंग्रजांची छावणी होती, नोकरी संपलेले गोरे सोल्जर तिथे मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत राहायचे. बोटी सुटायच्या त्या साधारण हिवाळ्याच्या सीझनमध्ये, ज्याची बोट हुकली तो पुढचे कित्येक महिने तिथेच, काम नाही, उकाडा, ताप, डोकं फिरायची पाळी. त्याला ते म्हणायचे "डूलाली टॅप", आणि त्यातलं टॅप म्हणजे आपला ताप. पुढे इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला डूलालीच म्हणायला लागले. म्हणजे आपल्या गावाचं नाव इंग्लंडला जाऊन परत पुण्याला बियरच्या ग्लासवर आलं, आणि आपण नाशिकवाले त्याला परकी गोष्ट म्हणतोय. मला हे कळलं त्या दिवशी खरंच अंगावर काटा आला होता.

त्यानंतर मी पुण्याला गेलो की जावयांबरोबर एकेक जागा बघत गेलो. इंडिपेन्डन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट, सगळीकडे माझा एकच हट्ट, आधी टाकी दाखवा मग ग्लास. एक चांगली पद्धत तिथे आहे, छोट्या छोट्या ग्लासात चार-पाच प्रकार थोडे थोडे देतात, चव बघा आणि आवडेल ते घ्या. मला पहिल्यांदा जी दिली ती जर्मन पद्धतीची गव्हाची बियर होती, गढूळ, पिवळसर, आणि तोंडाजवळ नेली तर पिकलेल्या केळ्याचा वास. मी त्या पोराला विचारलं, बाबा केळं घातलंस का यात? तो हसला, म्हणाला काका केळं नाही, यीस्ट. मग माझी ट्यूब पेटली, हा तर आयसोअमाईल अॅसिटेट, आमच्या लॅबमध्ये त्याची बाटली उघडली की सगळ्या रूममध्ये केळ्याचा वास सुटायचा. तेच एस्टर, म्हणजे फळासारख्या वासाचं रसायन, हे यीस्ट स्वतः बनवतं, आणि मागून लवंगेसारखं जे येतं ते पण यीस्टचंच काम. केळं नाही की लवंग नाही, नुसता एक जीव आणि तापमान. तापमान दोन-चार डिग्रीनी हललं की वास बदलतो. याला दारूचा गुत्ता म्हणणं म्हणजे त्या पोराच्या मेहनतीचा अपमान आहे असं मला मनापासून वाटतं.

दुसरी एक बेल्जियन पद्धतीची असते, विटबियर म्हणतात. त्यात मोड न आणलेला गहू असतो, संत्र्याची साल असते आणि धने असतात, हो, आपले भाजीत घालतो ते धने. हा प्रकार तिकडे बंद पडला होता, बेल्जियममधल्या हूगार्डन गावात पियेर सेलिस नावाच्या माणसानं १९६०च्या दशकात तो परत सुरू केला आणि आज जगभर होतो. एका माणसानं आपल्या गावची विसरलेली चव परत आणली, हे मला फार आवडलं, आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की मग आपल्या गावची चव कुठली.

आता पाणी बघा. बियरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, त्यामुळे पूर्वी जसं पाणी तशी बियर व्हायची. चेक देशातल्या पिल्सन गावचं पाणी अगदी मऊ, तिथे १८४२ मध्ये सोनेरी रंगाची पिल्सनर झाली. इंग्लंडातल्या बर्टनचं पाणी जिप्समवालं, त्यात हॉप्सची, म्हणजे बियरमध्ये घालतात त्या एका वेलीच्या फुलांची, कडू चव खुलते, म्हणून तिथली पेल एल ही फिक्या रंगाची बियर गाजली आणि तीच पुढे जास्त हॉप्स घालून बोटीनं हिंदुस्थानात यायची, आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. हॉप्स नुसते चवीला नसतात, बियर खराब करणाऱ्या जंतूंना पण ते आवरतात, काही महिन्यांच्या बोटीच्या प्रवासात त्याचा उपयोग व्हायचा. आपल्याकडे गंगापूर धरणाचं पाणी वेगळं आणि दिंडोरी-निफाडच्या बोअरचं वेगळं, बोअरचं इतकं जड असतं की ड्रिपच्या नळ्या क्षारानं चोक होतात आणि शेतकऱ्याला अॅसिड सोडून धुवाव्या लागतात. आता ब्रुअरीवाले आरओ करून हवे ते क्षार परत घालतात, त्यामुळे कुठल्याही गावचं पाणी जमवता येतं. पण मला वाटतं एखाद्यानं गंगापूरच्या पाण्याचा रिपोर्ट समोर ठेवून, हे पाणी जसं आहे तसं घेऊन कुठली बियर चांगली होईल असा विचार करून बघावा. मी रिपोर्ट काढून द्यायला तयार आहे, खर्च माझा.

आणि आता मूळ मुद्दा, नागली.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी सौ. पण आमच्याबरोबर आली होती. ब्रूअर पोरानं तिला टाकीतला वर्ट दिला चाखायला, वर्ट म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात मुरवून काढलेलं गोड पाणी, यीस्ट घालायच्या आधीचं, त्यात अल्कोहोल अजिबात नसतं. तिनं एक घोट घेतला आणि पटकन म्हणाली, अहो हे तर सत्त्वासारखं लागतंय, आपण छोटीला द्यायचो ते नागलीचं. मी म्हटलं काहीतरीच काय. पण मग रात्रभर झोप लागली नाही, कारण ती शंभर टक्के बरोबर होती. आपल्या घरात नागलीचं सत्त्व कसं करतात, नागली निवडायची, धुवायची, भिजत घालायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मोड चोळून काढायचे, हलकी भाजायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. आणि ब्रुअरीवाले बार्लीचं माल्ट करतात म्हणजे काय करतात, भिजवतात, मोड आणतात, भट्टीत वाळवतात, मोड झाडतात. तेच! आपल्या आज्यांना माल्टिंग येत होतं, फक्त त्याला माल्टिंग म्हणत नव्हते. मोड आले की दाण्यात एन्झाईम तयार होतात आणि ते स्टार्च फोडून साखर करतात, म्हणून सत्त्व बाळाला पचायला हलकं आणि म्हणूनच माल्ट यीस्टला खायला सोपं. मी तर आयुष्यभर पाचक सिरपमधल्या फंगल डायस्टेजची, म्हणजे स्टार्च फोडणाऱ्या एन्झाईमची, टेस्ट घेतली आहे, आयोडीनचा थेंब टाकायचा, निळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे, नाही झालं तर फुटला. ब्रुअरीत गेलो तर तो पोरगा पांढऱ्या बशीत तीच टेस्ट करत होता. ३१ वर्षं केलेलं काम समोर बघून मला भरून आलं, खोटं सांगत नाही.

नागलीची बियर ही काही माझी कल्पना नाही हे पण सांगतो. सिक्कीमकडे तोंग्बा पितात, आंबवलेली नागली बांबूच्या भांड्यात घालून वरून गरम पाणी ओततात आणि नळीनं ओढतात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आपल्याकडे नागलीची आंबील आहे, पण ती आंबते ती दह्यातल्यासारख्या बॅक्टेरियानं, यीस्टचं काम वेगळं. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, जागोजागी नागलीची बिस्किटं, नागलीचे लाडू, नागलीचा पिझ्झा पण बघितला मी एका स्टॉलवर. वर्ष संपलं आणि बॅनर उतरले.

तर मी काय केलं, हरसूलकडून ओळखीतून पाच किलो नागली आणली, सौ.नं घरी मोड आणून वाळवली, आणि ती पिशवी घेऊन आम्ही पुण्याला त्या पोराकडे गेलो. त्यांच्याकडे ट्रायलसाठी वीस लिटरचा छोटा सेट आहे, लायसन्स त्यांचं, जागा त्यांची, त्यामुळे काही अडचण नाही. (कोणी वाचून घरी करायला जाऊ नका, विना लायसन्स बियर बनवणं आपल्या राज्यात गुन्हा आहे. मोड आणा, भरडा, सत्त्व करा, पुढचं काम लायसन्सवाल्याकडे.) त्यानं सव्वातीन किलो बार्ली माल्ट आणि दीड किलो आमची नागली असं घेतलं. नागलीचा स्टार्च खुलायला बार्लीपेक्षा जास्त तापमान लागतं म्हणून आधी ती वेगळी पेजेसारखी शिजवून घेतली. शिजवल्यावर नागलीचे स्वतःचे एन्झाईम मरतात, पण मग ती पेज बार्लीच्या मॅशमध्ये (गरम पाण्यात मुरत ठेवलेल्या भरडलेल्या माल्टमध्ये) ६५-६६ डिग्रीला मिसळली की बार्लीचे एन्झाईम दोघांचं काम करतात. तासाभरानं आयोडीन टाकला, रंग आला नाही. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग सगळं अडकलं. वर्ट खाली गाळून यायला पाहिजे तर थेंब थेंब, मग थेंब पण बंद. कारण असं, की बार्लीला टरफल असतं आणि ते टरफलच तळाशी बसून गाळणी बनतं. नागलीचा दाणा मोहरीएवढा, टरफल नाही, वरून शिजवून त्याचा गच्च चिखल झालेला. पोरगा घामाघूम, वरून ढवळतोय, खालून गरम पाणी सोडतोय, दीड तासाचं काम चार तास चाललं. शेवटी वीसच्या जागी तेरा लिटर वर्ट हाती आला. तो म्हणाला, काका पुढच्या वेळेस तूस घालू, भाताचा तूस, गव्हाच्या बियरला पण आम्ही घालतो. मी कपाळावर हात मारला. तूस! अहो घोटीला राईस मिलच्या मागे डोंगर पडलेत तुसाचे. इगतपुरीचा तूस, पेठची नागली, गंगापूरचं पाणी, सगळं आपल्या एका जिल्ह्यात आहे हो.

तीन आठवड्यांनी ती बियर चाखली. खरं तेच लिहितो, फेस कमी होता आणि अंगानं जरा पातळ लागली. पण शेवटी जी चव राहते ना जिभेवर, ती भाकरीच्या पापुद्र्याची होती, तव्यावर जरा जास्त भाजलेल्या. जावई म्हणाले वेगळीच आहे. सौ.नं नुसता वास घेतला आणि म्हणाली, चुलीजवळ बसल्यासारखं वाटतंय. तो पोरगा काही बोलला नाही, वहीत लिहीत होता, मग म्हणाला, परत करू.

आता कोणी विचारेल यातून शेतकऱ्याला काय. नागली कुठे पिकते, सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरी, सगळी डोंगरउताराची वरकस जमीन. आधी राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा जाळून रोपांची जागा तयार करायची, मग रोपं, मग भर पावसात चिखलात वाकून लावणी, आणि दिवाळीच्या आगेमागे एकेक कणीस हातानं खुडायचं, बहुतेक काम बायकांचं. २०२४-२५ साठी केंद्रानं नागलीचा हमीभाव ४,२९० रुपये क्विंटल जाहीर केला होता, पण हमीभाव कागदावर असतो, पेठच्या आठवडे बाजारात उभं राहून बघा व्यापारी पायलीला काय देतो ते. म्हणून माणसं नागली सोडून ऊसतोडीला नाहीतर द्राक्षबागेत मजुरीला उतरतात. बियरची बार्ली येते राजस्थान-हरियाणाकडून, स्पेशल माल्ट बरेचदा परदेशातून, हॉप्स तर जवळजवळ सगळे परदेशातूनच, आपल्या देशात ते हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात थोडे होतात, कारण त्या वेलीला उन्हाळ्यात लांब दिवस लागतात. हॉप्स इथे होणार नाहीत हे मान्य. पण दाण्यातला तिसरा हिस्सा जरी नागलीचा झाला, आणि मोड आणून वाळवायचं काम तिथल्याच बचत गटांनी केलं तर? नुसती नागली विकण्यापेक्षा माल्ट विकला तर दोन पैसे जास्त मिळतात, आणि ते काम त्या बायकांना आधीपासून येतं. शिकवायला पुण्याहून कोणी यायची गरज नाही, त्याच शिकवतील.

हे होऊ शकतं असं मी म्हणतो कारण द्राक्षाचं झालेलं आपण डोळ्यांनी बघितलंय. मी नोकरीला लागलो तेव्हा सावरगाव-गंगापूरकडे संध्याकाळी कोणी फिरकत नव्हतं. राजीव सामंत अमेरिकेतून परत आले, वडिलोपार्जित जमिनीवर वाईनची द्राक्षं लावली आणि १९९९ च्या सुमारास सुलाची वायनरी उभी राहिली, तेव्हा लोक म्हणत होते हे काय टिकत नाही. २००१ मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, इथल्या द्राक्षापासून बनलेल्या वाईनला एक्साइजमध्ये सूट दिली, विंचूरला वाईन पार्क झाला. मग यॉर्क, सोमा, दिंडोरीला शँडन, आणि आज शनिवारी-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते, त्यात ड्रायव्हर, माळी, स्वयंपाकी, हॉटेलवाले, मिसळवाले सगळ्यांचं घर चालतं. धोरण द्राक्षाला लागू झालं कारण द्राक्ष आपल्या जिल्ह्याचं होतं. मग नागली कोणाची आहे? माझी सरकारकडे एवढीच मागणी आहे, की ज्या छोट्या ब्रुअरीत राज्यातलं भरडधान्य ठराविक प्रमाणात वापरलं जातं तिला शुल्कात तशीच सवलत द्या. सगळ्या बियरला नको. बाटलीतल्या स्ट्राँगला तर अजिबात नको.

घाई करू नका हे पण सांगतो, कारण दुसरी बाजू पण आपणच बघितली आहे. २००८-०९ च्या मंदीत वायनऱ्यांनी उचल बंद केली, वाईनची द्राक्षं वेलीवर राहिली, ती काही टेबलवर खायची द्राक्षं नाहीत की मार्केटला नेऊन विकावी, कितीतरी शेतकऱ्यांनी बागा उपटून टाकल्या, छोट्या वायनऱ्या कर्जात गेल्या. माझ्या साडूंचे दोन एकर त्यातच गेले. नागलीचं तसं होणार नाही, ब्रुअरीनं नाही घेतली तर भाकरी तरी होते, पण करार लिहून व्हावा, भाव आधी ठरावा, तोंडी काही नको.

आणि ब्रुअरी काढणाऱ्यांना पण दोन शब्द. मागच्या वर्षी शहराबाहेर एका जागी गेलो होतो, नाव लिहीत नाही. मेन्यूवर मोठ्या अक्षरात क्राफ्ट बियर. मी विचारलं कुठे बनते, कधीची बॅच आहे, तर वेटर म्हणाला साहेब आतून येते. आतून म्हणजे कुठून? मॅनेजरला बोलावलं, त्यालाही माहीत नाही. ग्लास इतका थंड की जिभेला काही कळू नये, आणि जरा गरम झाल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि मागून वितळलेल्या लोण्याचा. पुठ्ठ्याचा वास म्हणजे बियर शिळी, हवा लागलेली, आणि लोण्याचा म्हणजे डायअॅसिटिल, एकतर फर्मेंटेशन पूर्ण होऊ दिलं नाही किंवा टॅपच्या नळ्या धुतल्या नाहीत. साडेतीनशे रुपये दिले आणि उठलो. पैशाचं दुःख नाही, पण त्या दिवशी शेजारच्या टेबलवर चार पोरं पहिल्यांदाच अशी बियर पीत होती आणि त्यांना वाटलं असणार क्राफ्ट बियर म्हणजे हेच. असं करू नका. भिंतीवर एक फळा लावा, त्यावर लिहा आजची बॅच कुठल्या तारखेची, धान्य कुठलं, अल्कोहोल किती टक्के. औषधाच्या स्ट्रिपवर बॅच नंबर आणि तारीख नसेल तर आपण घेतो का?

टक्केवारी लिहायचं कारण आहे. आपल्याकडे खपणारी बहुतेक बियर स्ट्राँग असते, लोक चव बघतच नाहीत, कमी पैशात लवकर चढली पाहिजे एवढंच. छोट्या ब्रुअरीत साडेचार-पाच टक्क्याची बियर महाग मिळते, त्यामुळे माणूस एक-दोन ग्लासवर थांबतो आणि गप्पा मारत पितो. मी अजून तिथे कोणाला भांडताना बघितलं नाही. पण साडेचार टक्के म्हणजे सरबत नाही, दोन मोठे ग्लास घेऊन गंगापूर रोडला गाडी चालवणारा माणूस तेवढाच धोकादायक आहे. माझ्या मित्राचा मुलगा असाच दुसऱ्याच्या चुकीनं गेलाय. घ्यायची असेल तर ड्रायव्हर ठरवून या नाहीतर घेऊ नका, आणि २१ च्या आतल्या पोराला आत घेणाऱ्या मालकाचं लायसन्स जागेवर रद्द झालं पाहिजे. पंचवटी, तपोवन, त्र्यंबक, कुंभाचा सगळा परिसर, तिथे अशी एकही जागा नको यात मी त्या पत्रलेखकांच्या बाजूनं आहे.

जाता जाता आणखी एक, मीडबद्दल लोकांना माहीतच नाही. मीड म्हणजे मध पाण्यात मिसळून आंबवायचा, बियर नाही आणि वाईनपण नाही. पुण्यात मूनशाईन मीडरी आहे, आणि आपल्या नाशकात सेराना मीड्स आहे, दोन बायकांनी मिळून काढलेली. सेराना हे नाव आपल्या सातेरी माशीचं शास्त्रीय नाव आहे, एपिस सेराना. मधाबरोबर जांभूळ वापरतात, नाशिकचीच द्राक्षं वापरतात. मुद्दाम सांगतो कारण स्थानिक माल घेऊन छोट्या प्रमाणात काहीतरी चांगलं बनवता येतं हे आपल्याच गावात कोणीतरी करून दाखवलंय, आणि ते लिहायला पेपरात जागा मिळाली पाहिजे.

चोथ्याचं राहिलं. वर्ट गाळून घेतल्यावर जे धान्य उरतं त्यात प्रोटीन आणि फायबर भरपूर असतं, पुण्याच्या ब्रुअऱ्यांतून तो चोथा गोठेवाले घेऊन जातात, गाई आवडीनं खातात. ताजा मात्र लागतो, दोन दिवसात आंबून वास मारतो. सिन्नरकडे इतके गोठे आहेत, पेंडीचे भाव माहीत आहेत सगळ्यांना, त्यांनी आताच विचार करून ठेवावा.

संपादक साहेब, तुम्हाला विनंती आहे की तुमच्या एखाद्या वार्ताहराला येत्या दिवाळीच्या सुमारास पेठ-हरसूलकडे पाठवा, नागली खुडायची वेळ असते, कणसं वाळत घातलेली असतात, तिथल्या बायकांशी बोला, त्यांना विचारा मोड आणून वाळवलेली नागली कोणी किलोवर घेतली तर किती देऊ शकाल. मी बरोबर येईन. ज्यांना त्या पत्रलेखकांसारखी काळजी वाटते त्यांनी पण यावं, मला त्यांच्याशी भांडायचं नाही, शेजारी बसून बोलायचंय.

मी घोटीहून दोन पोती तूस आणून ठेवलाय, धुवून गच्चीवर वाळवलाय, सौ. रोज विचारते हा कधी हलणार इथून. नागलीला परवा मोड आले. पुढच्या शनिवारी दुसरी बॅच आहे, यावेळेस वीसचे वीस लिटर यायला पाहिजेत.

आपला नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक